कनातीमागून उडालेलं विमान

बाबा, इतक्या वर्षांनी लिहायला बसले त्याचं कारण एरंडेल. आमच्या जिन्यात काल कुणाच्या तरी पिशवीतली बाटली फुटली. मी दोन पायऱ्या चढले, कठडा धरला आणि तिथेच थांबले. लोकांना त्या वासाने लहानपण आठवतं, नाक दाबून घशात ओतलेला चमचा आठवतो. मला तुम्ही आठवता. कोपरापर्यंत तेलकट हात, शर्टाच्या बाहीवर डाग आणि तोंडावर ते हसू. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला तुमची किळस यायची. तुम्ही असताना हे बोलले नाही, पण तुम्हाला ते कळलं नसेल असं मला वाटत नाही.

आपल्या मुलुंडच्या दोन खोल्या. तुम्ही कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूची लाकडात हुबेहूब प्रतिकृती करायची, मग तिच्यावरून मातीत साचा घ्यायचा, हे तुमचं काम. केसाएवढा फरक चालत नसे. मी त्याच कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते, ड्रॉइंगं शाईने गिरवून काढायची, बावीस वर्षांची, टेंपररी. ठरावीक महिने झाले की ब्रेक द्यायचे, घरी बसवायचे, पुन्हा बोलवायचे. मी लागले तेव्हा तुम्ही शिसवीच्या उरलेल्या तुकड्यांतून मला वळणदार रेषा काढायच्या पट्ट्यांचा एक संच करून दिला होता. ऑफिसातल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या कडा खरबरीत झालेल्या असत, तुमच्या पट्ट्यांवरून पेन लोण्यासारखं फिरायचं. मुली हातात घेऊन बघायच्या. मला अभिमान वाटायचा. म्हणजे तुमच्या बाबतीत सुरुवातीला मला तोच वाटत होता, एवढं लिहून ठेवते.

मग मोठ्या साहेबांनी तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं. साहेबांना विमानांचा नाद. खरी नव्हेत, रेडिओवर उडवायची. ते परदेशातून एक प्लॅन घेऊन आले होते. खूप जुन्या काळच्या एका शर्यतीच्या विमानाची लहान प्रतिकृती, पंखांचा पसारा पाच फूट. इंजिन, रेडिओ, पोटात बसवायच्या छोट्या मोटरी, सगळं खोक्यांतून आणलेलं. फक्त बांधायला हात हवे होते. तुम्ही प्लॅनची गुंडाळी काखेत मारून घरी आलात आणि चहा घ्यायच्याही आधी ती जमिनीवर पसरलीत. आई म्हणाली, "ह्या आणि काय?" तुम्ही म्हणालात, "साहेबाचा विमान."

पुढचे आठ महिने आपण त्या विमानात राहिलो. पंख एकदम सपाट फळीवर बांधावा लागतो, फळी वाकडी तर पंख वाकडा. म्हणून एक सागवानी फळी आली आणि ओट्यापासून खाटेच्या पायापर्यंत पसरली. तिला कुणी हात लावायचा नाही. आई कडेकडेने चालत मोरीत जायची. बाल्साचं लाकूड, कापसासारखं हलकं, त्याच्या बरगड्या तुम्ही ब्लेडने कापायचात, पॉलिश पेपरने घासायचात, आणि तो पांढरा भुगा पिठासारखा सगळीकडे बसायचा. कणकेत, केसांत, पाण्याच्या हंड्यावरच्या ताटलीत. मग रेशमी कापड चढवणं आणि त्यावर डोपचे हात. डोप म्हणजे एक प्रकारचं वार्निश, सुकलं की कापड ढोलकीसारखं ताणतं. पिकून सडलेली केळी आणि नेलपॉलिश एकत्र केल्यासारखा वास. आमटीला तो वास, भाताला तो वास. मी डब्यातली पोळी ऑफिसात उघडायची आणि पुन्हा झाकण लावायची. एकदा ओल्या हाताने मी पंखाची कड चाचपून बघितली, नुसतं बोट लावलं, तर तुम्ही सगळ्या चाळीला ऐकू जाईल असे ओरडलात, "हात पुसून ये आधी! चिकट हात घेऊन कसली येतेस?" आयुष्यात तुम्ही मला तेवढंच रागावलात. तेही साहेबाच्या पंखावरून.

विमानाच्या काचेखाली वैमानिकाचा बाहुला असतो. साहेबांच्या क्लबच्या शर्यतीत हुबेहूबपणालाही मार्क असतात ना, म्हणून. साहेबांनी निरोप पाठवला की बाहुल्याचं तोंड त्यांच्यासारखं जमलं तर मजा येईल. तुम्ही त्यांच्या फोटोवरून अक्रोडाएवढं डोकं कोरलंत. एक सबंध आठवडा. गालावरचा मस, मधोमध विरळ झालेल्या मिश्या, सगळं. ते डोकं रंग वाळायला म्हणून देवाच्या फळीवर ठेवलं होतंत. सकाळी आई दिवा लावायला गेली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला त्या दिवसापासून तुमच्या शेजारी बसून जेवावंसं वाटेना.

साहेबांना उडवता येत नव्हतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. शिकायच्या साध्या विमानाचं नाक त्यांनी दोनदा जमिनीत घुसवलं होतं आणि दोन्ही वेळा तुम्ही ते जोडून दिलंत. जोडलेलं नीट आहे का ते उडवून बघावं लागतं. ते बघता बघता तुम्ही शिकलात. नाहूरच्या पूर्वेला, खाडीच्या अंगाला, सुकलेल्या मिठागरांची कडक सपाट जमीन होती, तिथे रविवारी सकाळी साहेबांची जीप तुम्हाला घेऊन जायची. एका रविवारी मीही आले. आईने डबा दिला होता तो पोचवायला. तुम्ही लांब उभे आहात, पाय फाकवून, छातीशी तो रेडिओचा डबा, त्याची एरियल वर. वर साधं विमान गिरक्या घेतंय. तुम्ही मान वर केली आहे आणि तोंड उघडं आहे, लहान मुलासारखं. तुमचे अंगठे किती थोडे हलतात ते मला दिसतंय. खाली उतरवल्यावर साहेब तुमच्या पाठीवर थाप मारतात आणि म्हणतात, "मिस्त्री, हात आहे तुम्हाला!" आणि तुम्ही, इंजिनाच्या इंधनातल्या एरंडेलाने माखलेले, खिशातून रुमाल काढून आधी त्यांचा हात पुसता. थाप मारताना तुमच्या शर्टाचं तेल लागलं होतं ना त्यांना. तुमचे हात तसेच.

शर्यतीचा दिवस मला तासातासाने आठवतो. तसल्याच एका सपाट जागेवर मांडव घातला होता. साहेब लोक, त्यांच्या बायका, गॉगल, थंड पेयांच्या बाटल्या. तीन खांब रोवलेले, त्यांना वळसे घालत चार-चार विमानं एकदम सोडायची, दहा फेऱ्या, जो आधी पुरा करील तो पुढे. उडवायला क्लबचे सभासदच हवेत, असा नियम. तुम्ही कारखान्याचा खाकी पोशाख घालून आला होतात, मला वाटलं विमान पुसायला आणि इंजिन चालू करून द्यायला. साहेबांनी मलाही बोलावलं होतं, "मुलीलाही आणा मिस्त्री, एक माणूस लागेल." मी माझी चांगली साडी नेसून आले होते. माझ्या वडिलांनी केलेलं विमान लोक बघणार, या विचाराने. हुबेहूबपणाच्या तपासणीला परीक्षक वाकून वाकून बघत होते. रिव्हेट म्हणून तुम्ही डिंकाचे शेकडो बारीक थेंब टाकले होतेत त्यांवरून एकाने बोट फिरवलं आणि विचारलं, "हे सगळं तुम्ही केलंत?" साहेब म्हणाले, "वेळ काढावा लागतो." तुम्ही दोन हातांच्या अंतरावर उभे होतात. तुम्ही हसलात, चांगला विनोद झाल्यासारखे.

मग साहेब तुम्हाला आणि मला मांडवाच्या मागे घेऊन गेले. कनातीच्या मागे जेवणाची उष्टी टाकत होते. सकाळच्या पुरी-भाजीच्या पत्रावळी, आंबलेलं दही, त्यावर माश्यांचा थर. कनातीला एका बांबूपाशी वीतभर फट होती. साहेबांकडे एकसारखे दोन रेडिओ होते. एकातला क्रिस्टल त्यांनी काढून खिशात टाकला. म्हणजे तो डबा मेला. तो घेऊन साहेब स्वतः पुढे उभे राहणार. चालू असलेला तुमच्या हातात, एरियल बांबूला लावून उभी, म्हणजे कुणाला दिसू नये. साहेब किती सभ्यपणे बोलत होते! "मिस्त्री, तुम्ही जरा मागेच थांबा. ही मुलगी फट धरून ठेवील. आणि खांब ओलांडला की तुम्हाला सांगेल. जमेल ना?" तुम्ही म्हणालात, "होय साहेब." मी तुमच्याकडे बघितलं. मला वाटलं तुम्ही माझ्याकडे बघाल. तुम्ही पायाने पत्रावळी बाजूला सारून उभं राहायला जागा करत होतात.

मी हळूच म्हटलं, "बाबा, चला घरी."

"गप ऱ्हव गो," तुम्ही म्हणालात. "फट मोठी कर जरा. उजवीकडचा खांब दिसत नाय."

मी फट मोठी केली. दोन्ही हातांनी कनातीचं कापड ओढून धरलं, आणि ते मेणचट कापड माझ्या तोंडाला लागत होतं. पायावर माश्या बसत होत्या, झटकायला हात मोकळा नव्हता. समोर साहेब उन्हात उभे, मेलेला डबा पोटाशी धरून त्याच्यावरच्या दोन्ही काड्या जोरजोरात फिरवतायत, अंग वळवतायत, ओठ चावतायत. आणि माझ्या कानाशी तुमचा श्वास. पहिली शर्यत सुटली. मी खांब सांगत होते, "आला. आला. वळवा." तुम्ही मला ऐकतही नसाल. ते लाल विमान खांबाच्या इतक्या जवळून आडवं होऊन जायचं की लोक ओरडायचे, आणि प्रत्येक ओरड्याला साहेब मान डोलवायचे. तीन वेळा उडवलंत, तीनही वेळा पहिलं. शेवटच्या शर्यतीत दुसऱ्या कुणाचं तरी विमान खांबावर आपटून त्याचे तुकडे तुकडे झाले, तुमचं त्या तुकड्यांच्या मधून निघालं. तुम्ही "हां!" असं काहीतरी म्हणालात. मी वळून बघितलं तर तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. पायाशी उष्टी, अंगावर एरंडेलाचे शिंतोडे, माश्या मनगटावर, आणि तुम्ही आनंदाने रडत होतात. मी पुन्हा फटीकडे तोंड केलं.

साहेबांना कप मिळाला. टाळ्या वाजल्या. बाबा, तुम्हीही वाजवल्यात. कनातीच्या मागे, जिथे तुम्हाला कुणी बघत नव्हतं, तिथे रेडिओ काखेत धरून तुम्ही टाळ्या वाजवल्यात. लोकांपुढे वाजवल्या असत्यात तर मी समजले असते.

घरी आल्यावर तुम्ही मोरीत बसून राखेने हात घासत होतात. मी साडीही न बदलता दारात उभी राहिले आणि म्हटलं, "लाज नाही वाटली?" तुम्ही घासत राहिलात. मी म्हटलं, "तो माणूस तुम्हाला खरकट्यात उभा करतो आणि तुम्ही टाळ्या वाजवता. उद्या ऑफिसात त्याच्यापुढून कशी जाऊ मी?" तेव्हा आई ओट्यापाशी होती, ती फिरली. "तुझ्यासाठीच चाललाय सगळा," ती म्हणाली. "साहेबांनी शब्द दिलाय. तुका पर्मनंट करतले. आठ महिने ह्यांनी पाठ टेकली नाय ती कोणासाठी?" मला हे माहीत नव्हतं. तिथेच ते संपलं असतं. मी तुमची माफी मागितली असती, तुमच्या पायांवर डोकं ठेवलं असतं, आणि आपण तिघं जेवलो असतो.

पण तुम्ही हात पुसत बाहेर आलात आणि आईला म्हणालात, "खोटा कित्याक सांगतंस तिका?" मग माझ्याकडे बघून, सावकाश, "पर्मनंटचं साहेब बोलले ते खरं. पण ते बोलले नसते तरी मी केलं असतं. माझ्या हातात असलं विमान कोण देणार होतं? मला ते उडवायचं होतं." आणि वर विचारलंत, "शेवटची फेरी बघितलीस? कसं गेलं?"

मी काय बोलले ते तुम्हाला ठाऊक आहे. "मला तुमची किळस येते" असं मी म्हणाले नाही. "मला वास येतोय, आधी आंघोळ करा," एवढंच म्हणाले. तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा मोरीत गेलात.

दुसऱ्या महिन्यात माझी ऑर्डर आली. मी सही केली. त्या कागदाचा मला वास यायचा, खरंच यायचा, मी तो पिशवीतही ठेवला नाही, हातात धरून घरी आणला. तुम्ही पेढे आणलेत. मी एक उचलला, आत जाऊन डब्यात ठेवला, मग मुंग्या लागल्या. तुमच्याशी बोलणं मी असं एकदम सोडलं नाही, पण कामापुरतं ठेवलं. शिसवीच्या पट्ट्या घरी आणून ठेवल्या आणि ऑफिसातलं प्लॅस्टिक वापरायला लागले. विमान साहेबांच्या केबिनमध्ये छताला टांगलं गेलं. तुम्हाला त्यांनी पुन्हा उडवायला बोलावलं नाही. एकदा पंखाचं कापड सैल पडलं म्हणून बोलावलं, ते तुम्ही केबिनमध्येच स्टुलावर चढून ताणून दिलंत. मी तेव्हा एक ड्रॉइंग सहीला घेऊन दाराशी आले होते. तुम्हाला वर चढलेलं बघून परत फिरले.

दीड वर्षाने तुम्ही गेलात. पॅटर्न शॉपमध्येच, जेवणाच्या सुट्टीनंतर, बाकावर डोकं ठेवलंत ते ठेवलंत. लोकांनी मला ड्रॉइंग ऑफिसातून बोलावून आणलं. तुमच्या कपाळाला भुसा लागला होता, तो मी पुसला. साहेब स्मशानात आले. मला म्हणाले, "हिरा माणूस होता." मी मान खाली घातली. तेव्हा मला त्यांची किळस आली, आणि आता तुमची येत नाही हे लक्षात आलं, पण ते सांगायला तुम्ही नव्हता.

आता जे लिहिते आहे त्यासाठी मी हे लिहायला बसले होते, आणि इथवर यायला मला दोन दिवस लागले. पुढच्याच वर्षी साहेब रिटायर झाले. कँटीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम. सगळा कारखाना, फाउंड्रीपासून अकाउंट्सपर्यंत. टेबलावर त्यांचा कप ठेवला होता. साहेब बोलायला उभे राहिले आणि त्या शर्यतीवर आले. खांब कसा जवळून घ्यावा लागतो, विमान बोटांत कसं जाणवतं, मधोमध तुकडे उडत असताना आपण श्वास कसा रोखला होता. सगळं बरोबर सांगत होते, बाबा, तुम्ही सांगितलं असतंत तसंच. मला वाटतं ते तोवर त्यांना खरंच वाटायला लागलं होतं. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "ही आमच्या मिस्त्रींची मुलगी. लाकडाच्या कामात त्यांनी मला फार मदत केली. ही त्या दिवशी होती तिथे. हिलाच विचारा ना!" कुणीतरी माईक माझ्यापुढे धरला.

तुमच्या पॅटर्न शॉपची माणसं डावीकडच्या बाकांवर बसली होती. त्यांना सगळं माहीत होतं, असली गोष्ट लपत नाही. ती सगळी माझ्याकडे बघायला लागली. तुमच्या शेजारच्या बाकावर काम करणारे ते म्हातारे मामा, ज्यांनी तुम्हाला खांदा दिला, ते पुढे सरकून बसले. मला घाई नव्हती. माझी नोकरी पक्की होती, ती कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. साहेब त्या संध्याकाळी जीपमधून कायमचे जाणार होते. ते मला काही देऊ शकत नव्हते आणि माझं काही बिघडवू शकत नव्हते. एक वाक्य बोलायचं होतं. "माझ्या वडिलांनी उडवलं होतं." चार शब्द. ते मी तीन वर्षं मनात घोळवत होते.

मी म्हणाले, "हो. मी स्वतः पाहिलंय. सरांनी फार सुंदर उडवलं होतं."

मामांनी मान खाली घातली आणि बशीतला चहा पीत राहिले. पुढे माझ्याशी बोलायला आले नाहीत. आईला हे कधी कळलं नाही, ती तशीच गेली.

हे पत्र मी कुठे पाठवणार? आणि पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही ते वाचून मला माफ केलं असतंत आणि ते मला नको आहे. तुम्हाला निदान ते विमान उडवायचं होतं. तुम्ही खरकट्यात उभे राहिलात तेव्हा तुमचे डोळे वर होते. मला तर काहीच नको होतं, काही मिळणारही नव्हतं, तरी मी तसं बोलले. एवढं कबूल करून थांबणार होते. पण आणखी एक आहे. मी बोलल्यावर साहेब खूश होऊन हसले, सगळ्या कँटीनने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि बाबा, तेवढा वेळ मला फार बरं वाटलं.